जुन्या लॅपटॉपला आतून वायफाय : कार्ड घेण्यापूर्वी झाकण उघडून पाहा

बडनेऱ्याची नवी वस्ती असो की जुनी वस्ती, कापडाच्या मध्यम दुकानात गल्ल्याशेजारी आता एक लॅपटॉप असतोच. तो बहुधा दहा-बारा वर्षांचा असतो. मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेला आणि मुलगा नोकरीला लागल्यावर दुकानात आलेला. बिले करणे, उधारीची नोंद, मालाचा साठा एवढे काम तो अजूनही बिनतक्रार करतो. अडचण एकच असते. त्याचे वायफाय बंद पडलेले असते, किंवा इतके जुने असते की दुकानातल्या नव्या राउटरशी त्याचे जुळत नाही. मग दुकानदार तीस-चाळीस हजार मोजून नवा लॅपटॉप घेतो, नाही तर पेनड्राइव्ह खिशात घालून अमरावतीला कर सल्लागाराच्या कार्यालयात चकरा मारत राहतो.

यात आणखी एक मार्ग आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. लॅपटॉपच्या आत वायफायचे एक लहान कार्ड असते. ते बदलता येते, आणि जागा रिकामी असेल तर नव्याने बसविताही येते. वापरलेले साधे कार्ड काही शे रुपयांत मिळते आणि काम अर्ध्या-पाऊण तासाचे असते. मात्र हा इलाज प्रत्येक यंत्राला लागू पडत नाही. कोणत्या यंत्राला लागू पडतो, हे पैसे देण्याआधी ओळखता येते. व्यापारी बांधवांना तेवढेच सांगण्याचा आमचा हेतू आहे.

ही बाब किरकोळ नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि हिशेबाची वही दुकानाबाहेर गेली. परराज्यातून येणाऱ्या पन्नास हजारांवरील मालाला १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागते. सुरतेहून गाठी निघाल्या की बिल तिकडचा व्यापारी करतो हे खरे, पण ते आपल्या नावावर चुकीचे पडले असेल तर ते नाकारण्यास आपल्याला ७२ तासच मिळतात. उलाढाल पाच कोटींवर असेल तर ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेले बिलही पोर्टलवरून क्रमांक घेऊनच द्यावे लागते. विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला पन्नास रुपये आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. ज्या दुकानदाराचे यंत्र इंटरनेटला जोडलेले नाही, तो या सगळ्यासाठी दुसऱ्याच्या खुर्चीवर अवलंबून राहतो. आपला माल कोणाकडून येतो आणि किती भावाने येतो हे दुसऱ्याच्या यंत्रावर पडून राहणे, हे कोणत्याही तिजारतीत बरे नव्हे.

आधी बिनखर्चाच्या गोष्टी

कार्डाचा विचार करण्याआधी ते खरोखर बिघडले आहे का, हे पाहावे. २०१२ पूर्वीच्या कित्येक लॅपटॉपच्या कडेला किंवा पुढच्या बाजूला वायफायचा एक सरकता खटका असतो. कापडाचा तागा ओढताना, लॅपटॉप पिशवीत घालताना तो सरकतो आणि वायफाय 'मरते'. आमच्या माहितीतील एका रेडिमेड कपड्याच्या दुकानदाराला दुरुस्ती करणाऱ्याने मदरबोर्ड गेल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात खटका बंद होता. काही यंत्रांत खटक्याऐवजी वरच्या ओळीतील एखादी कळ असते, तिच्यावर अँटेनाचे लहान चित्र असते. तीही दाबून पाहावी.

त्यानंतर विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजर उघडून नेटवर्कच्या यादीत वायरलेस शब्द असलेले नाव दिसते का ते पाहावे. नाव दिसते पण पिवळे चिन्ह आहे, तर बहुधा ड्रायव्हर नावाची आज्ञावली बिघडलेली असते. ती लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून फुकट मिळते. नावच नसेल तर कार्ड सैल झाले आहे, मेले आहे किंवा मुळात बसविलेलेच नाही.

आणखी एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे, जरी तिने या लेखाचा विषयच काही वाचकांपुरता संपेल. दुकानात एकच लॅपटॉप असेल आणि इंटरनेट मोबाइलवरूनच घ्यायचे असेल, तर वायफायची गरजच नाही. मोबाइल चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडावा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करावे. बिल निघते, विवरणपत्र भरले जाते, शिवाय मोबाइल चार्जही होतो. त्याचप्रमाणे राउटर गल्ल्यापासून चार हातांवर असेल तर साधी लॅन केबल कोणत्याही वायफायपेक्षा खात्रीची आहे.

बाहेरून यूएसबीत खोचायचा डोंगलही मिळतो आणि तो वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण कापडाच्या दुकानात तो टिकत नाही हा आमचा अनुभव आहे. गल्ल्यावर दिवसभर ताग्यांची, खोक्यांची ये-जा असते. बाहेर आलेल्या वस्तूला धक्का लागतोच, आणि डोंगल मोडला तर पुष्कळदा सोबत यूएसबीची खोबणीही जाते. अगदी नखाएवढे डोंगल मोडत नाहीत, पण त्यातील अँटेना इतकी लहान असते की एक भिंत आडवी आली की जोर संपतो. लॅपटॉपच्या आतल्या कार्डाच्या अँटेना पडद्याच्या दोन्ही बाजूंना, उंचावर असतात. आतल्या कार्डाचा खरा फायदा हाच आहे.

ही व्यवस्था कशी आली

२१ जुलै १९९९ रोजी न्यूयॉर्क येथे ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स यांनी आयबुक नावाचा लॅपटॉप दाखविला. त्यात अँटेना कारखान्यातच बसविलेल्या होत्या, पण कार्ड वेगळे विकत होते, ९९ डॉलरला. ग्राहकाने ते घरी आणायचे, कीबोर्ड उचलायचा आणि आत बसवायचे. गती होती सेकंदाला ११ मेगाबिट. तारा कारखान्याच्या आणि कार्ड ग्राहकाच्या मर्जीचे, ही विभागणी पुढे इतर कंपन्यांनीही उचलली. मार्च २००३ मध्ये इंटेलने सेंट्रिनो या नावाची जाहिरात सुरू केली. त्यात प्रोसेसर, चिपसेट आणि वायफाय कार्ड ही तिन्ही इंटेलची असतील तरच लॅपटॉपवर ते लेबल लावता येई. त्यानंतर वायफाय ही लॅपटॉपची रीतच झाली. तरीही स्वस्त लॅपटॉपमध्ये कंपन्या पुष्कळदा तारा घालीत आणि कार्ड वगळीत, म्हणजे किंमत कमी दिसे. असा लॅपटॉप आज ज्याच्याकडे आहे त्याचे काम सर्वांत सोपे आहे. जागा रिकामी आहे आणि तारा वाट पाहत बसल्या आहेत.

आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने परवान्यातून मुक्त झाल्या. ५ गिगाहर्ट्‌झचा मोठा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये मोकळा झाला. म्हणून दुकानात वायफाय लावण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

आमच्याच जिल्ह्यातील मेळघाटातले हरिसाल हे गाव २०१६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट आणि राज्य शासन यांच्या डिजिटल गाव योजनेमुळे देशभर गाजले. दुर्गम गावांसाठी टीव्हीच्या रिकाम्या लहरी वापरण्याची कल्पना त्या काळात पुढे आली होती. त्या लहरी झाडी आणि टेकड्यांतून वायफायपेक्षा लांब जातात. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत याच गावावरून जाहीर सभांतून वाद झाला, किती झाले आणि किती राहिले याचा. त्या वादात आम्हाला शिरायचे नाही. पण लहर दारापर्यंत आली तरी ती घेणारे यंत्र आत धड नसेल तर काही होत नाही, हे दुकानालाही लागू आहे.

स्लॉट ओळखणे

लॅपटॉप उलटा करून खालचे झाकण काढले की कार्डाची जागा दिसते. जुन्या यंत्रांत तिच्यापुरते वेगळे लहान झाकण असते, काहींत ती कीबोर्डखाली असते. स्लॉट तीन प्रकारचे आहेत आणि एकाचे कार्ड दुसऱ्यात बसत नाही.

साधारण २००५ पर्यंतच्या लॅपटॉपमध्ये मिनी पीसीआय असते. ते कार्ड रुंद, जवळपास सहा सेंटिमीटरचे, आणि रॅमच्या पट्टीसारखे दोन्ही बाजूंच्या खिट्ट्यांत अडकते. अशा लॅपटॉपवर खर्च करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याचे कार्ड मिळाले तरी ते बहुधा ५४ मेगाबिटच्या पिढीचे असते, आणि आजची पोर्टले उघडण्याइतका दम त्या यंत्रातच नसतो.

२००६ ते २०१३ या काळातील लॅपटॉपमध्ये मिनी पीसीआय एक्स्प्रेस असते. बडनेऱ्या-अमरावतीच्या दुकानांतले बहुतेक जुने लॅपटॉप याच काळातले आहेत, म्हणून हाच प्रकार नीट लक्षात ठेवावा. कार्डाची रुंदी ३० मिलिमीटर. पूर्ण कार्डाची लांबी सुमारे ५१ मिलिमीटर आणि अर्ध्या कार्डाची सुमारे २७. पूर्ण जागेत अर्धे कार्ड बसविता येते, पण मागचा स्क्रू पोहोचत नाही, म्हणून धातूची एक लहान जोडपट्टी लावावी लागते. ती कार्डाबरोबर मागून घ्यावी. अर्ध्या जागेत पूर्ण कार्ड अर्थातच बसत नाही. येथे एक फसगत संभवते. काही लॅपटॉपमध्ये याच आकाराचा दुसरा स्लॉट असतो, तो सिमकार्डवाल्या मोडेमसाठी किंवा लहान साठवण कार्डासाठी असतो. दिसायला हुबेहूब सारखा, पण वायफाय कार्ड त्यात चालेलच असे नाही. खूण अशी की वायफायच्या जागेजवळ अँटेनाच्या तारा आलेल्या असतात.

२०१४ नंतरच्या लॅपटॉपमध्ये एम.टू नावाचा प्रकार आहे. कार्ड २२ मिलिमीटर रुंद आणि ३० लांब, टपाल तिकिटाएवढे, एकाच स्क्रूने बसणारे. एसएसडीचाही एम.टू स्लॉट असतो, पण दोघांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात. खाच जुळत नसेल तर दाबू नये. कार्ड तुटेल, बसणार नाही.

तारा नसतील तर कार्ड काय करील?

आमच्या मते सर्वांत आधी पाहण्याची गोष्ट स्लॉट नसून तारा आहे. कार्ड हे केवळ लहरींची भाषा जाणणारे यंत्र आहे, त्याला कान वेगळे लागतात. हे कान म्हणजे पडद्याच्या झाकणात बसविलेल्या धातूच्या पट्ट्या. त्यांच्यापासून दोन, काही यंत्रांत तीन, बारीक तारा बिजागरीतून खाली येतात. त्यांच्या टोकाला पितळी रंगाची टाचणीच्या डोक्याएवढी टोपी असते, ती कार्डावरच्या टिकलीवर दाबून बसते.

कार्ड नसेल तर या तारांची टोके पुष्कळदा प्लॅस्टिकच्या नळीत घालून किंवा चिकटपट्टीने दडपून ठेवलेली असतात. ती शोधावी. तारा नसताना कार्ड बसविले तर यंत्राला कार्ड ओळखता येईल, नावही दिसेल, पण राउटरपासून दोन-चार हातांपलीकडे काही मिळणार नाही. मग ग्राहक म्हणतो कार्ड खोटे निघाले आणि विकणारा म्हणतो लॅपटॉप खराब आहे. दोघांचेही म्हणणे खरे नसते.

चिकटविण्याच्या अँटेना वेगळ्या मिळतात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर असते, तिचा चतुर्थांश म्हणजे तीन सेंटिमीटरच्या आसपास. म्हणून या पट्ट्या लहानच असतात. त्या पडद्याच्या कडेला, धातूपासून दूर लावाव्या लागतात आणि तार बिजागरीतून ओवावी लागते. त्यासाठी पडद्याची चौकट उघडावी लागते. हे काम मात्र हातसवय असलेल्या कारागिराकडेच द्यावे. मजुरी जास्त सांगितली तर डोंगल घ्यावा आणि विषय मिटवावा.

टोपी काढताना नखाने किंवा प्लॅस्टिकच्या चपट्या काडीने सरळ वर उचलावी. तिरपी ओढू नये, तार धरून तर मुळीच नाही. हा जोड साधारण तीस वेळा काढण्या-घालण्याएवढाच बनविलेला असतो. काळी तार कुठे आणि पांढरी कुठे, हे प्रत्येक कंपनीत वेगळे असते, काहींत करडीही असते. म्हणून काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्यावा. एम.टू कार्डावरची टिकली मिनी पीसीआय एक्स्प्रेसच्या टिकलीपेक्षा लहान असते. जोडपट्टी लावून जुन्या लॅपटॉपमध्ये एम.टू कार्ड घालण्याची युक्ती काही जण सांगतात. पट्टी चालते, पण जुन्या तारांची टोपी त्यावर बसत नाही हे ते सांगत नाहीत.

कंपनीचे कुलूप

कार्ड बरोबर, तारा बरोबर, तरीही लॅपटॉप सुरूच होत नाही, असे काही यंत्रांत घडते. आयबीएम आणि पुढे लेनोव्हो यांच्या कित्येक थिंकपॅडमध्ये, तसेच एचपीच्या अनेक लॅपटॉपमध्ये, कोणती वायफाय कार्डे मान्य आहेत याची यादी बायोसमध्येच कोरलेली असते. यादीबाहेरचे कार्ड दिसले की काळ्या पडद्यावर सूचना येऊन यंत्र थांबते. थिंकपॅडवर हा १८०२ क्रमांकाचा दोष आणि एचपीवर १०४ क्रमांकाचा. घाबरण्याचे कारण नाही. यंत्र बिघडलेले नसते, कार्ड काढले की पूर्ववत सुरू होते. अशा यंत्रासाठी कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेत मान्य कार्डांचे भाग क्रमांक दिलेले असतात. तो क्रमांक छापलेलेच कार्ड घ्यावे. त्याच चिपचे पण दुसऱ्या कंपनीसाठी बनलेले कार्ड चालत नाही. बायोस बदलून हे कुलूप तोडणारे कारागीर आहेत, पण मध्येच वीज गेली तर लॅपटॉप कायमचा जातो. आमच्याकडची वीज पाहता आम्ही तो सल्ला देणार नाही.

दुसरे कुलूप नव्या कार्डांत आहे. इंटेलची ९५६०, एएक्स२०१, एएक्स२११ ही एम.टू कार्डे अर्धवट असतात. त्यांचे अर्धे काम लॅपटॉपच्या मुख्य चिपमध्ये होते, आणि ती सोय २०१७ नंतरच्या काही इंटेल यंत्रांतच आहे. ती जुन्या लॅपटॉपमध्ये किंवा एएमडीच्या कोणत्याही लॅपटॉपमध्ये चालत नाहीत. नव्या लॅपटॉपमधून निघालेली म्हणून ती बाजारात स्वस्त मिळतात, आणि म्हणूनच लोक ती घेऊन येतात. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही पूर्ण कार्डे आहेत, पण त्यांना विंडोज १० ची ६४ बिटची आवृत्ती किंवा त्यापुढची लागते. विंडोज ७ वर चालणारा मिनी पीसीआय एक्स्प्रेस लॅपटॉप असेल तर इंटेल ७२६० हे कार्ड आमच्या मते सर्वांत सोयीचे. ते अर्ध्या आकाराचे आहे, दोन्ही पट्ट्यांवर चालते, आणि जुन्या लॅपटॉपमधून निघालेले वापरलेले कार्ड सहज मिळते. घेताना त्याची एम.टू आवृत्ती हाती येत नाही ना, एवढे पाहावे. लिनक्स असेल तर इंटेलची बहुतेक आणि अ‍ॅथेरॉसची जुनी कार्डे वेगळा ड्रायव्हर न घालता चालू होतात.

वायफायबरोबर ब्लूटूथ असलेले कार्ड घेतले आणि ब्लूटूथ दिसले नाही, तर कार्ड परत करू नये. ब्लूटूथ त्याच स्लॉटमधील यूएसबीच्या वेगळ्या पिनांवरून चालते, आणि जुन्या लॅपटॉपमध्ये त्या पिना कधी कधी जोडलेल्याच नसतात.

प्रत्यक्ष काम

लॅपटॉप पूर्ण बंद करावा, झाकून ठेवणे म्हणजे बंद करणे नव्हे. चार्जर काढावा, बॅटरी निघत असेल तर काढावी, आणि मग चालू करण्याचे बटन दहा सेकंद दाबून ठेवावे. बॅटरी फुगलेली दिसली तर काम तेथेच थांबवावे. तिच्यावर पेचकस लागला तर आग लागू शकते. चष्मेवाल्याकडे असतो तसा बारीक पेचकस लागतो. स्क्रू सारख्या लांबीचे नसतात, म्हणून कागदावर लॅपटॉपचे चित्र काढून ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी ठेवावा. लांब स्क्रू आखूड जागेत घातला तर तो आत मदरबोर्डला टोचतो.

कापड व्यापाऱ्याने येथे एक गोष्ट विसरू नये. हिवाळ्यात सिंथेटिक साडीची घडी उलगडताना जी चटचट होते, तीच वीज या कार्डाची शत्रू आहे. तीन हजार व्होल्टच्या आतला झटका हाताला जाणवतही नाही, पण चिपला तो पुरेसा असतो. वऱ्हाडातील उन्हाळ्याच्या कोरड्या हवेतही हीच स्थिती. म्हणून हे काम पॉलिस्टरच्या ढिगाशेजारी करू नये. सुती चादर अंथरून, सुती कपड्यांत, आणि कार्डाला हात लावण्याआधी पाण्याच्या लोखंडी नळाला हात लावून करावे. कार्ड कडांनी धरावे.

जुने कार्ड असेल तर आधी तारा, मग स्क्रू काढावे. स्क्रू सुटताच कार्ड आपोआप तिरपे उभे राहते. नवे कार्ड त्याच तिरक्या कोनात पूर्ण आत सरकवावे, हलकेच खाली दाबून स्क्रू लावावा आणि मग तारांच्या टोप्या बसवाव्यात. टोपी नीट बसली की बोटाला एक बारीक टक् जाणवते. झाकण उघडलेच आहे तर पंख्याजवळ पाहावे. कापडाच्या दुकानातील लॅपटॉपच्या जाळीत सुती तंतूंची गादी जमलेली असते. मऊ ब्रशने ती काढली तर यंत्र थंड राहते आणि निम्म्या 'मंद चालतो' तक्रारी जातात.

कार्डाचा ड्रायव्हर आधीच दुसऱ्या यंत्रावर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावा. पुष्कळ जण येथे अडतात, कारण इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी इंटरनेट हवे असा पेच पडतो. पुस्तिका इंग्रजीत असतात म्हणून बिचकू नये. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, आणि या पुस्तिकांतील चित्रे व क्रमांक एवढ्यावर काम निभते.

जोडल्यानंतर

नवे कार्ड राउटर पाहते, पण जोडले जात नाही, तेव्हा काही जण राउटरचीच सुरक्षा खाली उतरवतात. हे कदापि करू नये. डब्ल्यूईपी नावाचे जुने कुलूप २००१ सालीच संशोधकांनी फोडून दाखविले आहे, आज ते काही मिनिटांत उघडते. २००४ मध्ये डब्ल्यूपीए-टू आले आणि मार्च २००६ पासून वायफायचे प्रमाणपत्र घेणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूत ते सक्तीचे झाले. ज्या कार्डाला डब्ल्यूपीए-टू जमत नाही ते टाकून द्यावे, त्याच्यासाठी दुकानाचे दार उघडे ठेवू नये. ग्राहक साडी पाहता पाहता वायफायचा पासवर्ड मागतात, नाही म्हणणे जड जाते. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे नाव करण्याची सोय असते, ती वापरावी. हिशेबाचा लॅपटॉप आणि अनोळखी मोबाइल एकाच जाळ्यात नसावेत.

विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून कंपनीचा नेहमीचा आधार बंद झाला आहे. विंडोज १० चालविणाऱ्याने मुदतवाढीच्या सुरक्षा सुधारणांची नोंद करून घ्यावी. विंडोज ७ वरून बँकेचा व्यवहार करू नये. बिले त्यावर करावीत, पण बँक मोबाइलवर ठेवावी, किंवा लॅपटॉपवर लिनक्स घालून घ्यावे. पोर्टले ब्राउझरमध्येच चालतात, त्यांना विंडोजची अट नाही. मात्र डिजिटल सही आणि आपले बिलाचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालते का, हे आधी विचारून घ्यावे.

गतीच्या मागे लागून महाग कार्ड घेण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. ई-वे बिलाला फार थोडी गती पुरते. दोन्ही पट्ट्यांचे कार्ड मात्र जरूर घ्यावे. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांना न धडकणारे चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११. बाजारपेठेत ओळीने वीस दुकाने, प्रत्येकात राउटर, म्हणजे तीन बोळांतून सगळी वाहतूक. ५ गिगाहर्ट्‌झचे रस्ते रुंद आणि मोकळे आहेत, मात्र ती लहर भिंतीत लवकर थकते. गल्ला आणि राउटर एकाच खोलीत असेल तर ५, माडीवरच्या गोदामात लॅपटॉप नेत असाल तर २.४. बाकी सर्व मोबाइलना राउटर दिसतो आणि फक्त नव्या कार्डाला दिसत नाही, असे झाले तर राउटर १२ किंवा १३ या चॅनेलवर आहे का ते पाहावे. अमेरिकेसाठी बनलेली काही जुनी कार्डे ते चॅनेल पाहतच नाहीत. राउटर ६ वर आणला की काम होते.

काढलेले जुने कार्ड फेकू नये. कागदात गुंडाळून, त्यावर लॅपटॉपचे नाव लिहून गल्ल्याच्या खणात ठेवावे. नवे कार्ड बायोसने नाकारले तर तेच परत बसवून यंत्र निदान चालू ठेवता येते. शिवाय त्यावर छापलेला भाग क्रमांक हीच दुकानदाराला दाखविण्याची सर्वांत खात्रीची चिठ्ठी असते, मग कार्ड अमरावतीत घ्या की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवा.